झाकली मोटार

जपणे आणि वापरणे या दोन क्रियापदांचे आपल्या घरांत कधी फारसे पटलेले नाही. नवा सोफा आला की त्याच्यावर चादर पडते. चादर मळू नये म्हणून तिच्यावर आणखी एक कापड पडते, आणि पाहुणे येऊन चहा घेऊन गेले तरी सोफ्याचा मूळ रंग कोणता हे त्यांना कळत नाही. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या वेष्टनातच म्हातारा होतो. लग्नातली पैठणी पेटीच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात वर्षे काढते. ती नेसण्याजोगा प्रसंग एकदाचा येतो, तेव्हा नेमकी घडीच्या रेघेवर जर चिरलेली निघते. ज्या घडीने ती जपली, त्याच घडीने ती फाडली. दिवाळीच्या आवराआवरीत अशा वस्तू माळ्यावरून खाली येतात, पुसल्या जातात, कौतुकाने न्याहाळल्या जातात आणि पुन्हा माळ्यावर जातात. याला कोणी कंजुषी म्हणेल, पण ते खरे नव्हे. कंजूष माणूस स्वस्तातली वस्तू घेतो. आपण ऐपतीबाहेरची घेतो आणि मग जन्मभर तिला भितो.

पैठणीपुरताच हा प्रश्न असता तर त्यावर दिवाळी अंकाची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु यंदा तो आमच्या कुटुंबात एका मोटारीच्या रूपाने आला, आणि घरातली चांगली समजूतदार माणसे दोन तट करून बसली. एक तट म्हणतो, ही मोटार आता चालवू नये. दुसरा म्हणतो, न चालवायची तर ठेवावी कशाला? माझे पेशाने मास्तर असणे अशा वेळी नडते. मास्तराने निकाल द्यावा अशी सर्वांची अपेक्षा असते.

आधी मोटारीविषयी. मोटारीच्या शौकिनांत 'हॉट हॅच' म्हणून एक जात आहे. नाव विलायती आणि किंचित चावट वाटते. अर्थ मात्र साधा आहे. हॅच म्हणजे पाठीमागे वर उघडणारे दार असलेली, चौकोनी कुटुंबाची लहान गाडी. आणि हॉट म्हणजे तिच्या पोटात तिच्या आकाराला न शोभणारे थोरले इंजिन. जर्मनीत फोक्सवॅगन कंपनीतल्या काही मंडळींनी नेहमीची कामे सांभाळून, जवळजवळ चोरूनच, अशी एक गाडी घडवली. १९७५ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती लोकांना दाखवली आणि १९७६ साली विकायला काढली. तिचे नाव गोल्फ जीटीआय. पाच हजार खपल्या तरी गंगेत घोडे न्हाले, असा कंपनीचा हिशेब होता; त्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर खपल्या. तिच्या गिअरच्या दांड्याला गोल्फच्या चेंडूची मूठ आणि बैठकींना चौकड्यांचे कापड होते. ही कल्पना गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या बाईंची. त्या पूर्वी चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रे काढत असत. शर्यतीच्या गाडीत घरगुती चौकडा आणून बसवावा हे त्यांना सुचले, यात मला या साऱ्या जातीचे मर्म दिसते. ही मोटार राजवाड्यासाठी जन्मली नाही. सोमवार ते शनिवार कचेरी, शाळा, भाजी. आणि रविवारी मोकळा रस्ता. तिच्या मागच्या दारात भाजीची पिशवी मावली नसती, तर तिला कोणी हॉट हॅच म्हटलेच नसते.

आपल्याकडे या जातीची म्हणावी अशी मोटार २००१ साली आली. फियाट पॅलिओ. जिने आपल्या आधीच्या पिढीला पद्मिनी दिली, त्या कुर्ल्याच्या कारखान्यातच ती बने. सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातीत असे. साध्या पॅलिओचे इंजिन बाराशे घनसेंटिमीटरचे होते. पण एका प्रकारात सोळाशेचे, शंभर अश्वशक्तीचे इंजिन बसवले होते. त्या काळच्या लहान गाड्यांत हे आक्रितच होते. अर्थात पेट्रोलही ती तशीच पिई. 'किती देते?' हा आपला मोटारीविषयीचा पहिला आणि बहुधा शेवटचा प्रश्न. त्याचे उत्तर ऐकून पुष्कळांनी ती घेतली नाही, ज्यांनी घेतली त्यांतल्या कित्येकांनी मिळेल त्या किमतीला काढली. फियाटने २०१९ साली भारतातला आपला मोटारींचा बाजार आवरला. आता तीच मोटार दुर्मिळ झाली म्हणून शौकीन हळहळतात. जिला आपण पेट्रोलच्या हिशेबापायी नाकारली, तिच्या दुर्मिळतेचे सुतक आता आपणच पाळतो आहोत!

अशी एक तांबडी पॅलिओ माझ्या थोरल्या मावसभावाने, म्हणजे दादांनी, २००२ साली घेतली. दादांचा कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथचा लहानसा कारखाना होता. ऑइल इंजिनाचे सुटे भाग कातून द्यायचे. लोखंडावर हात ठेवून ते किती तापले आहे हे सांगणारा माणूस. इंजिन म्हणजे काय हे त्यांना कळत होते, म्हणूनच ती त्यांनी घेतली. आठवडाभर तिच्या मागच्या भागात गोणपाटावर बिडाचे नग असत. रविवारी गोणपाट झटकून वहिनींना घेऊन ते गगनबावड्याच्या रस्त्याला लागत. तेवीस-चोवीस वर्षांत गाडी एकसष्ट हजार किलोमीटर चालली. रंग कारखान्यातून आला तोच आहे. बिडाच्या नगाने आत पडलेला एक ओरखडा आहे, तोही त्यांचाच.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी दादांना काचबिंदू सांगितला. त्यात समोरचे स्वच्छ दिसत राहते आणि बाजूचे जग हळूहळू पुसले जाते. मोटार चालवणाऱ्याला याहून वाईट ते काय? कोणी सांगण्याची वाट न पाहता दादांनी किल्ली खुंटीला लावली, गाडीवर सुती आच्छादन घातले, आणि त्या दिवसापासून घरात प्रश्न उभा राहिला.

मुंबईच्या एका संग्राहक गृहस्थांना कुठून तरी सुगावा लागला. गाडी पाहायला ते स्वतः आले. सभ्य, जाणते गृहस्थ होते. त्यांना खलनायक करणे कादंबरीकार म्हणून मला सोयीचे असले तरी खोटे होईल. त्यांचे म्हणणे असे होते. 'ही मोटार तुम्ही रस्त्यावर काढाल आणि एक दिवस उसाचा ट्रॅक्टर मागे येताना तिला चेपून टाकील. हा दरवाजा आता कुठे मिळणार? माझ्याकडे ती कोरड्या हवेच्या दालनात राहील. आणखी पन्नास वर्षांनी एखादा मुलगा ती पाहील आणि त्याला कळेल की आपल्या देशात अशी एक वस्तू बनत होती. तुमची रविवारची मौज मोठी, की त्या मुलाचे पाहणे मोठे?'

या युक्तिवादात दम आहे. नुसते हसून तो उडवता येत नाही. युरोपात या जातीच्या मोटारींचे काय झाले ते पाहा. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने, म्हणजे जिची ३०९ काही वर्षे आपल्या कल्याणला बनत होती त्याच कंपनीने, १९८४ साली २०५ जीटीआय काढली. ही हलकी, चपळ, आणि एका बाबतीत मानी. भर वळणावर चालवणाऱ्याने घाबरून पाय उचलला की तिची पाठ बाहेर फेकली जाई आणि गाडी स्वतःभोवती फिरे. जाणत्याच्या हातात तो गुण होता, नवशिक्याच्या हातात मृत्यू. कितीतरी गाड्या अशा कुंपणांत जाऊन संपल्या. शिवाय पोरे त्या चोरून उधळत, आणि त्यापायी इंग्लंडात १९९० च्या सुमारास अशा गाड्यांचे विम्याचे हप्ते इतके चढले की बाजारच बसला. तेव्हा 'चालवणे' म्हणजे काहीतरी पवित्र आणि 'ठेवणे' म्हणजे मृत्यू, अशी सोपी वाटणी करता येत नाही. तिकडे पुष्कळ गाड्या चालवण्यानेच मेल्या.

पण न चालवण्याने त्या जगतात का? याचे उत्तर मला तत्त्वज्ञाकडे नव्हे, दादांच्या मिस्त्रीकडे मिळाले. आच्छादन काढून ते गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि वैद्याने नाडी सोडावी तसे म्हणाले, 'उभं राहून गाडी दमती, मास्तर.' मग त्यांनी दमणे म्हणजे काय ते सांगितले. एकाच जागी उभ्या चाकांना खालून सपाट जागा पडते. ब्रेकचे तेल हवेतली ओल पिते, आणि ती ओल आतून गंज धरवते. इंजिनातले तेल खाली ओघळून बसते, वरचे भाग उघडे पडतात. दारांचे, नळ्यांचे, सांध्यांचे रबर राबत राहिले तर मऊ राहते, पडून राहिले की तडकते. इंजिनाच्या दोन हालचालींचा मेळ राखणारा जो दातेरी पट्टा असतो, तो नुसता किलोमीटरांनी झिजत नाही, वर्षांनीही म्हातारा होतो. तो चालत्यात तुटला तर इंजिनाचे काय होईल ते सांगता येत नाही. टाकीतले पेट्रोल शिळे होते. त्यात २०२५ पासून पंपावर जे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास मिळते, ते तर ओल ओढून घेणारे, आणि ही गाडी घडली तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. आणि उंदीर! उंदरांना तारांवरचे वेष्टण फार आवडते, हे त्यांनी जवळजवळ आदराने सांगितले.

मी विचारले, 'मग संग्रहालयात कसे ठेवतात?' त्यावर ते म्हणाले, 'सगळी तेलं काढून टाकत्यात. मग काय करायचं तिला, तसबीर.'

तसबीर हा शब्द माझ्या मनात घर करून राहिला. माणसाची तसबीर ठेवतो तेव्हा आपण माणूस ठेवला असे म्हणत नाही. पण मोटार ही तर वस्तूच; तिची तसबीर आणि ती यांत फरक कोणता? ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रात एक भेद केला आहे तो इथे उपयोगी पडतो. एखादा गुण जवळ असणे निराळे आणि तो कृतीत असणे निराळे, असे तो सांगतो. झोपलेल्या माणसाजवळही सद्गुण असू शकेल, पण त्याचे त्या वेळी काही चालत नसते. ऑलिंपिकचा मुकुट मैदानाबाहेर बसलेल्या सर्वांत बलदंड माणसाला मिळत नाही, मैदानात उतरलेल्यांपैकीच कोणाला तरी मिळतो. मोटारीला हा विचार लावला की वाटते, काही वस्तूंचे सत्त्व त्यांच्या रूपात असते आणि काहींचे त्यांच्या चालीत. पितळी समई न पेटवताही पुष्कळशी समईच राहते. हॉट हॅचचे रूप काय, सामान्यच. चार दारे आणि एक डिकी. तिच्यात जे असामान्य होते ते तळहाताला स्टिअरिंगमधून कळे, तिसऱ्या गिअरमध्ये चढावरच्या वळणातून बाहेर पडताना पाठीला कळे. ते डोळ्यांनी दिसत नाही. मग काचेमागे ठेवून त्या पन्नास वर्षांनंतरच्या मुलाला दाखवणार काय? लाल रंग?

तरीही व्हायोलिनवाल्यांचा एक दाखला मला स्वस्थ बसू देईना. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात स्ट्राडिव्हारीने १७१६ साली केलेले 'मसाया' नावाचे व्हायोलिन आहे. ते जवळजवळ न वाजवलेले, नव्यासारखे. आजही ते वाजवत नाहीत, नुसते ठेवतात. उलट पागानिनीचे ग्वार्नेरी, १७४३ सालचे, त्याच्या इच्छेप्रमाणे जेनोआ शहराकडे आहे. ते जपतातही आणि मधूनमधून निवडक वादकांच्या हाती देऊन वाजवतातही. माझा ओढा साहजिकच दुसऱ्याकडे. पण व्हायोलिन घडवणाऱ्याला विचाराल तर तो मसायाकडे जाईल. कारण उस्तादाच्या हातून सुटले तेव्हा लाकडाच्या कडा किती धारदार होत्या, रोगण कसे होते, हे दुसरीकडे कुठे इतके स्वच्छ पाहायला मिळणार? म्हणजे अस्पर्श वस्तू मुकी असली तरी ती दस्तऐवज असते. सगळ्यांनीच वाजवून झिजवायची ठरवली असती तर तो दस्तऐवज राहिला नसता. प्यूजोचे फ्रान्समध्ये सोशो येथे स्वतःचे संग्रहालय आहे. कुर्ल्याच्या पॅलिओला तसे माहेर कुठे आहे?

आम्हा कोल्हापूरकरांना हा पेच नवा नाही. अंबाबाईच्या मूर्तीची झीज हा इथे कित्येक वर्षे जिव्हाळ्याचा आणि वादाचाही विषय आहे. शतकानुशतकांच्या पूजाअर्चेने, म्हणजे भक्तीनेच, पाषाण झिजला. २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी मूर्तीचे रासायनिक संवर्धन केले. अभिषेक मूळ मूर्तीवर न करता उत्सवमूर्तीवर करतात. किती शहाणी तोड आहे ही! मूळ जपायचे, आणि त्याच्या वतीने झिजण्यासाठी दुसरे पुढे करायचे. मात्र ती तोड मूर्तीला लागू पडते, कारण देवीचे देवीपण पाषाणाच्या झिजण्यात नाही. भक्त तिच्याशी बोलतो ते उत्सवमूर्तीमार्फतही पोचते. मोटारीला उत्सवमूर्ती नसते. दुसरी गाडी चालवली म्हणून ही चालली, असे होत नाही.

आणि आमच्याच गावात दुसरी तोडही आहे. राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक मोटार वर्षभर राजघराण्याकडे जपलेली असते आणि विजयादशमीला दसरा चौकात येते. ती आली की मुले बापाच्या खांद्यावर चढतात. ती चालत येते यातच सारे आहे. ट्रकवर चढवून आणली असती तर कोणी मान वर केली नसती. 'बघा, वर्षातून एकदा काढा, झाले,' असे आमच्या मेव्हण्यांनी लगेच सुचवले. पण मेबॅकला दसरा आहे. राजाच्या वाहनाला मिरवणूक शोभते. भाजीच्या पिशवीला कोणती मिरवणूक? खंडेनवमीला दादांच्या कारखान्यात लेथ पुसून, हळदकुंकू वाहून, झेंडू घालून विश्रांती देत. आणि एका दिवसाने त्याच लेथवर पुन्हा लोखंड चढे. पॅलिओची जात लेथची आहे, मेबॅकची नव्हे.

दुर्मिळता म्हणजे मूल्य, हे समीकरणही मला तपासून पाहावेसे वाटले. १९९३ साली फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने क्लिओ विल्यम्स म्हणून एक हॉट हॅच काढली. मोजक्याच, म्हणजे ३,८०० गाड्या काढणार असे जाहीर केले आणि गाडीगणिक क्रमांकाची पट्टी बसवली. लोकांनी क्रमांकापोटी उड्या टाकल्या. गाडी इतकी आवडली की कंपनीने ठरल्याहून जास्त काढल्या. मग दुसरी आवृत्ती काढली, मग तिसरी. पहिल्या मालकांनी आकांडतांडव केले. पण त्यांच्या मोटारीला झाले होते काय? तेच इंजिन, तीच सोनेरी चाके, तेच वळण घेणे. तिळमात्र फरक नव्हता. म्हणजे ज्यांचा आनंद गेला, ते मोटारीवर प्रेम करत नव्हते, क्रमांकावर करत होते. आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती म्हण अब्रूविषयी आहे खरी. पण हल्ली मोटारीही याच हिशेबाने झाकतात. किंमत चढेल म्हणून झाकून ठेवलेल्या गाडीला मी 'जपलेली' म्हणणार नाही. ती सोन्याच्या बिस्किटासारखी आहे. बिस्किटाला कोणी जपणे म्हणत नाही, साठवणे म्हणतात. आमच्या संग्राहकांचा हेतू तो नव्हता हे मी मान्य करतो. त्यांच्या वारसांचा असणार नाही, याची हमी मात्र त्यांनाही देता आली नसती.

सरकारनेही या वयाच्या गाड्यांची गंमत केली आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील मोटारीला 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी मिळते. आणि ती मिळाली की रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. दादांच्या गाडीला तो मान २०५२ साली मिळेल. तोवर ती सरकारदरबारी नुसती जुनी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी, फेरनोंदणी, पर्यावरण कर. पुढची पाळी २०२७ ची. म्हातारपण सुरू झाले आहे आणि आजोबा अजून झालेले नाहीत, अशा वयात माणसाचेही असेच हाल होतात.

खरा पेच निराळाच आहे, आणि तो दादांच्या मुलीने उघड केला. ती इचलकरंजीला बँकेत आहे. गिअर नसलेल्या गाडीवर शिकलेली. ती म्हणाली, 'काका, तुम्ही सगळे गाडीचं बोलताय. बाबांना काय काय येतं ते कुठं ठेवायचं?'

यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. क्लच कुठे धरतो, चढावर इंजिनाचा आवाज कसा बदलला की गिअर उतरवायचा, पावसात भुईबावड्याच्या बाजूला कोणत्या वळणावर खडी येते, हे सारे दादांच्या अंगात आहे. ते कुठल्याही दालनात ठेवता येत नाही. हातातून हातातच जाते, आणि जाण्यासाठी मधे गाडी लागते, तीही चालती. मिस्त्रींचेही तसेच. या इंजिनाचा कान असलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी. गाड्या त्यांच्याकडे येत राहिल्या तर तो कान शाबूत राहील. सगळ्यांनी आपापली पॅलिओ झाकली तर वीस वर्षांनी लखलखीत मोटारी असतील आणि त्या सुरू करणारे कोणी नसेल. पुष्कळ शाळांत एक चांगली दुर्बीण किंवा सूक्ष्मदर्शक कपाटात कुलपात असतो. तो बिघडत नाही. त्यातून कांद्याची साल कशी दिसते, हे मात्र मुले पुस्तकातल्या चित्रावरून शिकतात.

म्हणून माझा कौल चालवण्याच्या बाजूने पडला. पण बिनशर्त नव्हे. दादांची गाडी देशातली शेवटची असती, किंवा मसायासारखी अस्पर्श असती, तर मी संग्राहकांच्या बाजूने उभा राहिलो असतो. ती तशी नाही. तिला बिडाचा ओरखडा आहे. आमच्या मिस्त्रींकडेच कोल्हापूर-सांगलीच्या अशा सहा गाड्या येतात, त्यांतल्या दोन उभ्याच आहेत. दस्तऐवज व्हायला त्या दोन पुरेशा आहेत. आणि दुसरी अट. घाटातला रस्ता कोणाच्या मौजेसाठी बांधलेला नाही. तिथे शाळेला चालत जाणारी पोरे असतात, गवताचे भारे घेतलेल्या बाया असतात. मोटारीचे सत्त्व तिच्या चालीत आहे असे म्हणणे म्हणजे ती उधळावी असे नव्हे. या जुन्या गाडीत आजच्या गाडीसारखे जीव वाचवणारे कसब नाही. तिच्या दरवाज्यापेक्षा आतल्या मुलीची आणि बाहेरच्या माणसाची चिंता आधी. वहिनींनी ही अट एका वाक्यात घातली, 'दार मिळत नसेल तर नसूदे, पोरगी मिळत नाही.'

दादा या सगळ्या चर्चेत फार थोडे बोलले. बहुतेक वेळ ते आच्छादनाची नाडी बोटाला गुंडाळत बसले होते. एकदा मात्र म्हणाले, 'मास्तर, मी नसताना ती चालली तर मला बरं वाटेल का वाईट, तेच मला कळत नाही.' वस्तू दुसऱ्याच्या हाती झिजायला देणे हे स्वतः झिजवण्याहून किती अवघड असते, हे मला त्या वाक्याने समजले. मालकाला वस्तू मोडण्याचा हक्क असतो. विश्वस्ताला तो नसतो. आणि बाप या दोहोंच्या मधे कुठेतरी असतो. संग्राहकाला गाडी दिली असती तर दादांना दुःख एकदाच झाले असते. मुलीला दिली तर ते हप्त्याहप्त्याने होणार.

गणपती झाल्यावर मिस्त्रींनी दातेरी पट्टा, रबरी नळ्या आणि ब्रेकचे तेल बदलले. चाकांना नवे टायर आले. रविवारी सकाळी लवकर, रस्ते मोकळे असताना, मुलगी चालवते आणि दादा डाव्या बाजूला बसतात. पहिल्या दिवशी रंकाळ्याजवळच्या चढावर गाडी चार वेळा बंद पडली. दादा समोर पाहतच नाहीत. मान थोडी खाली घालून ऐकतात आणि 'आता' एवढेच म्हणतात. मी मागे बसलो होतो. पाचव्या वेळी त्यांनी 'आता' म्हणण्याआधीच गिअर पडला.

तिसऱ्या रविवारी फाटकातून बाहेर काढताना डावा आरसा खांबाला लागून फुटला. मुलगी रडवेली झाली. दादांनी फुटलेली काच रुमालात गोळा केली, चौकट बोटांनी चाचपून पाहिली, आणि मला संग्राहकांना पत्र लिहायला सांगितले. पाडव्यानंतर गगनबावड्याला जायचे ठरले आहे, त्याआधी ते पोचले पाहिजे. मजकूर त्यांनीच सांगितला: आपण घरी येऊन गेलात, आनंद झाला, गाडी द्यायची नाही असे ठरले आहे, क्षमस्व, आपल्या संग्रहात या गाडीचा डाव्या बाजूचा जादा आरसा असल्यास किमतीसह कळवावे.